विझवून दाखवा, मग न्या

आमच्या दुकानातून आगीचा सिलिंडर विकत नेणं सोपं नव्हतं. गिऱ्हाईक आलं की सर त्याला आधी मागीलदारी न्यायचे. तिथे चिऱ्याच्या गडग्याजवळ, कुंपणाला लागून, एक जुनं घमेलं ठेवलेलं असायचं. तळाला पाणी, पाण्यावर डिझेल. लांब काठीच्या टोकाला बांधलेल्या बोळ्याने मी ते पेटवायचे आणि सर गिऱ्हाइकाच्या हातात सरावाचा सिलिंडर देऊन म्हणायचे, "विझवून दाखवा, मग न्या."

येणारी माणसं बहुतेक इस्त्रीचे कपडे घालून आलेली असत. कुणी लॉजचा मॅनेजर, कुणी आंबा कॅनिंगवाला, कुणी शाळेचा मुख्याध्यापक. "अहो, आम्हाला नुसता भिंतीला लावायचाय. उद्या तपासणी आहे," असं ते म्हणत. त्यावर सरांचं उत्तर ठरलेलं होतं. "नुसता भिंतीला लावायचा तर रिकामा न्या. हलका पडेल." काही जण हसत हसत विझवायचे. बरेच जण ज्वाळांच्या शेंड्यावर फवारा मारत बसायचे आणि आग खालून निवांत जळत राहायची. निम्मे तर काठी पेटवायच्या आधीच चपला घालून निघायचे आणि दुसऱ्या दुकानात जायचे. ते गेले की सर खुर्चीत बसून म्हणायचे, "दमलो."

हा शब्द त्यांच्या तोंडात कायम होता. शटर वर केलं की दमलो, चहा आला की दमलो, जेवणाचा डबा उघडला की दमलो. दुसरी माणसं देवाचं नाव घेतात तसं. सुरुवातीला मी विचारायचे, "काय झालं सर?" मग विचारणं सोडून दिलं.

मी त्यांना सर म्हणायचे तेही त्यांना आवडत नसे. ते अनेक वर्षं बोटीवर होते, इंजिन रूममध्ये. "आमच्यात सर फक्त कॅप्टनला. मी खालचा माणूस, तेलातला," ते म्हणत. पण मला दुसरं काही म्हणता येईना. मी आतल्या खेड्यातून एसटीने येणारी. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, आणि रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली तर वाडीत पहिली. वडील मुंबईला एका गोदामात कामाला. ज्याने मला काम दिलं तो सर, एवढंच मला कळत होतं.

मुलाखतीत त्यांनी एकच प्रश्न विचारला होता. "जळायला काय काय लागतं?"

मी पाठ केलेलं सांगितलं. इंधन, उष्णता, ऑक्सिजन.

"चौथं?"

"साखळी अभिक्रिया," मी म्हटलं. मला वाटलं, आता खूश होतील.

"ते पुस्तकात. इथे चौथं म्हणजे 'बघू नंतर'. उद्यापासून ये."

सर कुठेही गेले की आधी दरवाजे बघायचे. हॉटेलात दरवाज्याजवळचं टेबल रिकामं होईपर्यंत उभे राहायचे. चपला काढताना टोकं बाहेरच्या बाजूला करून काढायचे. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नाला आले तेव्हा अक्षता टाकायच्या सोडून आचाऱ्याशी भांडत होते, कारण गॅसची टाकी मांडवाच्या कापडाला टेकली होती. माझी आई नंतर म्हणाली, "गो बाय, तुझा साहेब जेवला पण नाही धड. टाकी हलवली तेव्हा कुठे पाण्याला शिवला."

त्यांचं घड्याळ म्हणजे श्वास. मनगटावर घड्याळ बांधायचे, पण आगीच्या बाबतीत ते त्याच्याकडे बघायचे नाहीत. कुणी घमेल्यापुढे उभं राहिलं की सर बाजूला तोंड मिटून, गाल ओढून उभे राहायचे. त्यांचा श्वास सुटायच्या आत आग विझली तर पास, नाहीतर परत. "धुरात माणसाकडे एवढाच वेळ असतो," ते सांगायचे. साठी उलटलेला माणूस, चेहरा लाल व्हायचा, मानेची शीर फुगायची. गिऱ्हाईक घाबरून आग सोडून यांच्याकडेच बघत राहायचं.

महिन्याच्या सुरुवातीला आमची फेरी असे. पावडरच्या सिलिंडरमधली पावडर एका जागी राहून तळाला घट्ट बसते, आणि आमच्या दमट हवेत तर जास्तच. मग वेळेला नुसता वारा बाहेर येतो. म्हणून सर विकलेला प्रत्येक सिलिंडर भिंतीवरून काढायचे, उलटा मांडीवर घ्यायचे आणि रबरी हातोडीने त्याच्या बुडावर हलके हलके थोपटायचे. कान लावून आत पावडर सरकल्याचा आवाज ऐकायचे. आजारी पोराला घेऊन बसावं तसे बसायचे. याचे ते कुणाकडून काही घेत नसत. एका औषधाच्या दुकानातला माणूस आम्हाला बघितलं की आत ओरडायचा, "बाळ थोपटायला आले रे." सर तिकडे लक्ष द्यायचे नाहीत. मला मात्र लाज वाटायची. हातोडीची पिशवी मी ओढणीखाली धरायचे.

आज मी एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. बी.एड. करायला सरांनीच भाग पाडलं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते स्वतः शटरजवळ बसायचे आणि मला आतल्या टेबलावर अभ्यासाला बसवायचे. प्रयोगशाळेतला सिलिंडर मी महिन्याला उतरवते आणि थोपटते. आमचा शिपाई हसतो. हसू दे.

आता गोष्ट एका गाडीची.

गणपतीपुळ्याच्या रस्त्याला एक बाई लॉज चालवायच्या. त्यांचा नवरा बोटीवर, सरांच्या बरोबर काम केलेला. तो अजून बाहेरच असायचा, वर्षातून एकदा यायचा. सर बाईंना वहिनी म्हणत. त्यांच्या एकुलत्या एका मुलाला सगळे बाबू म्हणायचे. तो पंचविशीचा होता, लॉजची बुकिंगं बघायचा आणि उरलेल्या वेळात गाडीखाली झोपलेला असायचा. त्याने एक जुनी गाडी घेऊन तिच्यात काय काय बदललं होतं. दक्षिणेत कुठेतरी शर्यतीचा ट्रॅक आहे, तिथे ठरावीक दिवशी आपली आपली गाडी घेऊन जायचं आणि मोकळेपणाने पळवायची. शर्यत नाही, बक्षीस नाही. त्याला ट्रॅक डे म्हणतात, हे मला त्याच्याकडूनच कळलं.

तो दुकानात आला आणि म्हणाला, "काका, एक आगीचा सिलिंडर द्या. गाडीत तो नसला तर ट्रॅकवाले आत घेत नाहीत." आणि मोबाईलवर एक फोटो दाखवला. बोटभर जाडीचा चकचकीत डबा. "असला. वजन नको. आणि आत घाण करणारा नको."

सरांनी फोटो लांब धरून बघितला. "हा आग विझवायला की काखेत मारायला?"

"काका, सगळे हेच लावतात."

"सगळे जळतात काय?"

"कोणी जळत नाही. नुसता नियम आहे."

सर माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंस? तपासणीवाला आला." आणि आत जाऊन सिलिंडर आणायला लागले.

त्या दुपारी त्यांनी बाबूपुढे एकेक प्रकार मांडला. मी तोपर्यंत कॉलेजात इतकं नीट समजावलेलं ऐकलं नव्हतं, आणि इतकं कंटाळलेल्या आवाजातही नाही. पावडर आग झटकन मारते, पण बंद गाडीत उडाली की समोरचं काही दिसत नाही आणि श्वास घेता येत नाही. शिवाय गाडी हादरते तशी पावडर तळाला बसत जाते. कार्बन डायऑक्साइडचा स्वच्छ असतो, पण बाटली जड, आणि बंद काचांत आगीआधी माणसाचाच श्वास जायचा. वायूचे नवे सिलिंडर येतात, काही घाण करत नाहीत, पण बॉनेट उघडलं आणि वारा असला की उडून जातात. "वारा आमच्या कोकणात कुणाचं ऐकत नाही, तो तिकडे ऐकेल काय?" मग त्यांनी फोमचा सिलिंडर पुढे सरकवला. "हा पेट्रोलवर साय धरतो. दुधावर धरते तशी. परत भडकू देत नाही." थोडं थांबून म्हणाले, "आणि ह्याला थोपटायला लागत नाही." हे त्यांनी जरा पडेल आवाजात सांगितलं.

बाबूने तो उचलून बघितला. "जड आहे. बरं, द्या. डिकीत टाकतो."

 सरांनी बोटाने कोपऱ्याकडे दाखवलं.

कोपऱ्यात भंगारातून आणलेली एका जीपची सीट होती, फळीवर बोल्टने पक्की केलेली, तिच्या पट्ट्यासकट. पर्यटकांच्या गाड्या चालवणारे ड्रायव्हर आले की सर त्यांना डोळे बांधून तिच्यावर बसवायचे आणि पट्टा सोडायला लावायचे. पट्ट्याचं बटण खाऱ्या हवेने गंजलं होतं. मी त्याला खोबरेल लावायचे, तरी ते सरळ दाबून सुटायचं नाही, अंगठा तिरका करून दाबावं लागायचं. बाबूला तिच्यावर बसवलं, पट्टा लावला, डोक्यावर त्याचंच हेल्मेट, हातात मोजे आणि हेल्मेटच्या काचेवर सरांचा टॉवेल. फोमचा सिलिंडर सीटच्या मागे ठेवला.

"आग," सर म्हणाले आणि त्यांनी श्वास धरला.

बाबू हसत होता. मग त्याने हात मागे नेला. पट्ट्याने खांदा अडला. दुसरा हात नेला. पुढे वाकला, पट्टा ताणला गेला. हसणं थांबलं. सरांचा श्वास सुटला तेव्हा बाबूची बोटं सिलिंडरला लागलीसुद्धा नव्हती.

"डिकीत म्हणे," सर म्हणाले. "इथे बसणार तो. गुडघ्यांच्या पुढ्यात, सीटच्या कडेला, जमिनीवर. लोखंडी पट्टीत. पत्र्याला भोक पाडून, खालून जाड वॉशर लावून बोल्ट."

"भोक? माझ्या गाडीला?"

"मग काय, दोरीने बांधतोस? आपटलास कुठे तर आगीआधी हाच तुझं डोकं फोडेल."

"गुडघ्याला लागेल सारखा."

"लागला पाहिजे."

बाबू विचार करून सांगतो म्हणाला. म्हणजे मोबाईलवरून मागवणार, हे आम्हा दोघांनाही कळलं.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. रिक्षातून उतरली ती सरळ आत. मला पाणी आणायला सांगितलं आणि पाणी हातात तसंच धरून बसली.

"भावजी, त्याला सिलिंडर देऊ नका."

सरांनी खुर्ची पुढे ओढली.

"सिलिंडर नसला तर आत घेत नाहीत म्हणाला. मग देऊ नका. रत्नागिरीत कुणी देऊ नये असं सांगा. तुमचं ऐकतात."

"माझं?" सर म्हणाले. "वहिनी, माझं औषधवालासुद्धा ऐकत नाही."

"ह्याचा बाप तिकडे पाण्यावर. काही झालं तर मी काय सांगू त्यांना? तुम्ही त्याच्या बापाच्या ताटात जेवलात."

"जेवलो."

"मग?"

सरांनी टेबलावरची हातोडी इकडची तिकडे केली. मग म्हणाले, "मी दिला नाही तर तो डबीएवढा मागवेल. तो ट्रॅकवाल्याला दाखवेल, ट्रॅकवाला मान हलवेल. तुमचं पोर जायचं ते जाणारच. फक्त हात रिकामे घेऊन जाईल."

"म्हणजे तुम्ही त्याला पाठवताय."

"मी पाठवत नाही. तो जातोय."

बाईंनी पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला. "बोटीवर राहून माणसं दगड होतात," एवढं बोलून त्या गेल्या. रिक्षा तशीच थांबलेली होती. सर शटरजवळ उभे राहिले आणि रिक्षा वळेपर्यंत बघत राहिले. "दमलो" म्हणाले, पण नेहमीसारखं नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी बाबूला फोन केला. काय बोलले मला ऐकू आलं नाही. पण दुसऱ्या दिवशी गाडी दुकानापुढे उभी होती, आणि सर सदऱ्याच्या बाह्या न दुमडता तिच्याखाली झोपून भोक पाडत होते. बाबू डोकं धरून बाजूला उभा. ड्रिल पत्र्यातून आरपार गेलं तेव्हा तो कळवळला. सिलिंडर बसवल्यावर सरांनी त्याला डोळे बांधून परत परत हात घालायला लावला, इतका की तो म्हणाला, "काका, आता झोपेत पण सापडेल." मग मागीलदारी नेऊन घमेलं पेटवलं. बाबूने बुडाला फवारा मारून ते विझवलं. सरांचा श्वास बाकी होता.

निघायच्या दिवशी सकाळी बाईंचा निरोप आला, गाऱ्हाणं आहे, या. राग होता, पण बोलावणं चुकवलं नव्हतं. आमच्याकडे नवी होडी पाण्यात जायची असली, नवी गाडी आली, माणूस लांब निघाला की गाऱ्हाणं घालतात. वाडीतला जाणता माणूस नारळ हातात घेऊन देवाला मोठ्याने सगळं सांगतो आणि जमलेली माणसं दर वाक्यामागे "होय महाराजा" म्हणतात. सर अशा गोष्टींना जायचे नाहीत. त्या दिवशी गेले. मला बरोबर घेतलं.

देवळापुढच्या मोकळ्या जागेत गाडी धुऊन उभी केली होती. बॉनेटला हार, चाकांखाली लिंबं. आम्ही पोचलो तेव्हा गाऱ्हाणं होऊन गेलं होतं, माणसं प्रसाद खात होती. सर सरळ गाडीचं दार उघडून आत वाकले. तसेच वाकून राहिले.

मी त्यांच्या खांद्यावरून बघितलं. सिलिंडरवर हळदकुंकू होतं. आणि त्याच्या मुठीला, खिळीच्या कडीतून ओवून, लाल काळ्या दोऱ्याचे वेढ्यावर वेढे घातलेले होते. शेवटी गाठ, तीही ओली करून आवळलेली. देवाचा दोरा. खिळी निघाल्याशिवाय मूठ दाबली जात नाही, आणि त्या दोऱ्यातून खिळी निघणं शक्य नव्हतं.

"हा कोणी बांधला?" सरांनी विचारलं.

"मी," बाई म्हणाल्या. "राखण करणाऱ्यालाच नको काय राखण?"

बाबू हळूच म्हणाला, "राहू दे काका. मला दिसलंय ते. आईचं समाधान."

"सोडशील वाटेत?"

बाबूने मान दुसरीकडे वळवली. गाऱ्हाण्यात बांधलेला दोरा आमच्याकडे कुणी सोडत नाही. तो आपोआप झिजून पडायचा. मीसुद्धा सोडला नसता, शिकलेली असून. भोवतीची माणसं प्रसाद खायची थांबली होती. सरांच्या खिशात चाकू असायचा. ते एका झटक्यात कापू शकले असते, आणि वाडीने त्यांना परत उभं केलं नसतं.

त्यांनी चाकू काढला नाही. बाबूला म्हणाले, "बस आत. पट्टा लाव." तो बसला. मग बाईंकडे वळले. "वहिनी, आग लागलीय. दोरा तुम्ही बांधलात, तुम्ही सोडा."

आणि श्वास धरून उभे राहिले.

बाईंना आधी काही समजलं नाही. मी पुढे होऊन म्हटलं, "काकी, त्यांचा श्वास सुटायच्या आत." मग त्या मुलाच्या पायांशी वाकल्या. नखं लावली. गाठ ओली. वेढे एकमेकांत रुतलेले. त्यांनी दात लावले. बाबू वरून म्हणत होता, "आई, हळू." सरांचे गाल आत गेले, चेहरा लाल झाला, मग काळसर. मानेची शीर उभी राहिली. त्यांनी गाडीच्या टपाला हात टेकला.

"भावजी, सोडा श्वास," बाई म्हणाल्या.

सरांनी मान हलवली. नाही.

"अहो, पडाल. बाबू, सांग रे त्यांना." त्या पुन्हा गाठीला लागल्या, पुन्हा वर बघितलं. सरांचे डोळे पाणावले होते, पण ते त्यांच्यावरून हलत नव्हते. कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याला धरा रे."

बाई उठल्या. नारळ सोलायची कोयती पूजेच्या ताटाशी पडली होती, ती त्यांनी उचलली आणि परत आत वाकून दोरा कापला. खिळी उपसली. ती हातात धरून सरांच्या तोंडापुढे नेली. "काढली. काढली हो. घ्या श्वास."

सर खाली बसले. मी पाणी दिलं.

 तुटलेला दोरा बाईंच्या मुठीत होता. सर उठले, त्यांच्या हातातून खिळी घेतली आणि पुन्हा जागेवर घातली, नुसती. शेवटी गाऱ्हाणं घातलेला म्हातारा पुढे आला. "दोरा कापलान, आता पुन्हा सांगायला हवं," तो म्हणाला आणि त्याने नारळ सरांच्या हातात ठेवला. "कापायला तुम्ही लावलात. तुम्हीच सांगा."

मला वाटलं, नाही म्हणतील. पण त्यांनी नारळ घेतला. धाप अजून गेली नव्हती. थांबत थांबत बोलले.

"महाराजा, ह्या बाईने दोरा कापलान तो माझ्यामुळे."

"होय महाराजा," माणसं म्हणाली.

"राग धरायचा तर माझ्यावर धर."

"होय महाराजा."

"ह्या पोराला वेगाने जायचंय. जाऊ दे. पण ह्याच्या पायाशी जे लावलंय, त्याला काम पडू देऊ नको."

"होय महाराजा."

"आणि पडलंच, तर ह्याला गाडीचा मोह होऊ देऊ नको. गाडी जळू दे. हा बाहेर येऊ दे."

यावर कुणाच्या तोंडून होय निघेना. हार घातलेल्या गाडीसमोर उभं राहून गाडी जळू दे याला होय कोण म्हणणार? माणसं एकमेकांकडे बघत राहिली. मग मागून एकट्या बाईंचा आवाज आला. "होय महाराजा."

बाबू गेला. ट्रॅकचा दिवस उजाडला तेव्हा मी नेहमीसारखी एसटीने आले. शटर आधीच वर होतं. सर कोपऱ्यातल्या जीपच्या सीटवर बसले होते, पट्टा लावून.  सकाळी एक शाळेचा माणूस आला, त्याला त्यांनी बसल्या जागेवरून सांगितलं, "आज मागीलदार बंद. दुपारनंतर बघा." चहा आला, गार झाला. डबा त्यांनी उघडला नाही. मी आतल्या टेबलावर पुस्तक उघडून बसले होते, पण एक ओळ वाचली असेन तर शपथ. दुकानाचा फोन टेबलावर होता. तो वाजत नसला की सर त्याच्याकडे बघायचे, आणि वाजला की दुसरीकडे.

उन्हं उतरताना बाईंचा फोन आला. मी स्पीकर लावून सरांपुढे धरला.

"भावजी, आला तो बाहेर. काही झालं नाही."

"काही झालं नाही म्हणजे काय झालं ते नीट सांगा."

"काही म्हणजे काहीच झालं नाही हो. गाडी पण ठीक आहे."

"सिलिंडर?"

"तसाच आहे म्हणतो. गुडघ्याला सारखा लागत होता, पाय काळानिळा झालाय म्हणाला."

"बरं," सर म्हणाले.

 फोन चालूच होता, तिकडे कुणीतरी भांडी घासत असल्याचा आवाज येत होता. बाई म्हणाल्या, "जेवायला या एकदा," आणि त्यांनी फोन ठेवला.

सर उठायला गेले. पट्ट्याने त्यांना परत खाली खेचलं. त्यांनी कमरेशी हात नेला, चाचपला, दाबला. पुन्हा दाबला. रत्नागिरीतल्या कितीतरी माणसांना ज्यांनी त्या सीटवर डोळे बांधून बसवलं, त्यांचे डोळे उघडे होते आणि बोटं बटणाच्या भोवतीच फिरत होती.

"हा पट्टा सोड गो," ते म्हणाले. "मला सापडत नाही."

मी वाकून अंगठा तिरका केला आणि दाबला. पट्टा सुटला. त्यांनी तोंडाने लांब श्वास सोडला, सकाळपासून धरून ठेवलेला असावा तसा, आणि म्हणाले, "घमेलं भर जा. सकाळचा माणूस परत येईल."